बसमधली जागा आणि बससाठीचा पैसा

१९५६ सालच्या जून महिन्यात अमेरिकेत दोन निर्णय झाले. ५ जूनला अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात संघीय न्यायालयाने सांगितले की, शहराच्या बसमध्ये गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या जागा ठेवणे घटनेच्या विरोधात आहे. रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला त्याला तेव्हा सहा महिने झाले होते आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार चालूच होता. २९ जूनला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात बरे होत असताना एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांसाठी तेरा वर्षांत २,५०० कोटी डॉलर मंजूर केले. खर्चाचा ९० टक्के वाटा वॉशिंग्टनमधले केंद्र सरकार उचलणार होते.

पहिला निर्णय शाळेच्या पुस्तकात आला. दुसरा आला तो रस्त्यांच्या नकाशात. पहिल्याने नागरिकांना बसमध्ये हव्या त्या जागी बसण्याचा हक्क दिला. ती बस पुढे धावणार की नाही आणि धावलीच तर कुठे, हे दुसऱ्याने ठरवले. आज अमेरिकेत रस्ते, पूल, बस आणि लोकल रेल्वे यांच्या केंद्रीय निधीचा कायदा पुन्हा लिहायची वेळ आली आहे. २०२१ मध्ये केलेल्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे. ही चर्चा अभियंते, कंत्राटदार आणि खासदार यांच्यापुरती आहे असा आपला समज असतो. माझ्या मते हा समानतेच्या हक्काचा प्रश्न आहे आणि हक्कासाठी झगडणाऱ्या कोणत्याही चळवळीने तो आपला मानला पाहिजे.

चळवळीला पेट्रोल लागते

मॉन्टगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्याविषयी बोलताना आपण पायी चालत कामावर जाणाऱ्या बायकांची आठवण काढतो. ते खरेच आहे. पण ३८१ दिवस नुसत्या चालण्याने निघाले नाहीत. आंदोलकांनी शहरात स्वतःची वाहतूक व्यवस्था उभी केली. सुमारे तीनशे खासगी गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, पेट्रोलसाठी वर्गणी. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या गेल्या. विरोधकांनी वार केला तो नेमका तिथेच. गाड्यांचा विमा रद्द करवला, चालकांना किरकोळ कारणांवरून दंड केले, आणि शेवटी ही व्यवस्थाच बंद करावी म्हणून कोर्टात धाव घेतली. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याच्या न्यायालयात त्यावर सुनावणी चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव रद्द ठरवणारा निकाल कायम केल्याची बातमी आली.

त्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती. हक्क तोंडाने मागता येतो, पण तो रोज वापरायचा तर गाडी लागते, चालक लागतो, पेट्रोल लागते आणि त्याचा हिशेब ठेवणारा कोणी तरी लागतो. मतदानाचा हक्क असून मतदान केंद्र वीस मैलांवर असेल तर तो हक्क अपुरा असतो. बसमधल्या जागेचेही तसेच आहे.

एंगलहार्ट यांचा नकाशा

आता त्याच राज्यातला पुढचा अध्याय पाहू. सॅम एंगलहार्ट हे अलाबामाचे सिनेटर आणि गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ या संघटनेचे नेते होते. १९५७ मध्ये त्यांनी टस्कीगी शहराची हद्द बदलणारे विधेयक आणले. चौकोनी शहराला अठ्ठावीस बाजूंचा चित्रविचित्र आकार आला आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर गेले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चलाखी घटनाबाह्य ठरवली.

पण तोपर्यंत एंगलहार्ट राज्याच्या महामार्ग खात्याचे प्रमुख झाले होते. आता त्यांच्या हाती आणखी एक नकाशा होता. मॉन्टगोमेरीतून जाणारा ८५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग त्यांच्या खात्याने कृष्णवर्णीयांच्या सुस्थित वस्तीतून नेला. बहिष्काराचे अनेक नेते तिथे राहत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबरनाथी यांचे घरही तिथेच. रहिवाशांनी निवेदन दिले, मोकळ्या जमिनीवरून जाणारा दुसरा मार्ग सुचवला. उपयोग झाला नाही. मतदारसंघाची रेषा कोर्टाने पुसली, रस्त्याची रेषा मात्र सिमेंटमध्ये कायम झाली. आणि त्या रस्त्याच्या खर्चातले दर दहामधले नऊ डॉलर केंद्राचे होते. घटनेच्या समानतेची हमी देणारे आणि वस्ती उठवायला पैसे देणारे सरकार एकच होते.

हे एकट्या अलाबामात घडले असे नाही. मिनेसोटात सेंट पॉल शहरातली रोंडो ही वस्ती ९४ क्रमांकाच्या महामार्गाने मधोमध चिरली. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अव्हेन्यूवरची ओकची झाडे तोडून उंच पूल उभा केला आणि झाडांच्या सावलीतला बाजार गेला. मायामीत ओव्हरटाउन गेले. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या आकडेवारीनुसार १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत महामार्गांसाठी पावणेपाच लाखांहून अधिक कुटुंबे, म्हणजे दहा लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्यांत गरिबांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते. जमीन तिथे स्वस्त होती आणि विरोध करणाऱ्याचा आवाज विधिमंडळापर्यंत पोहोचत नव्हता.

‘ज्याचे पेट्रोल, त्याचा रस्ता’

या सगळ्याच्या मुळाशी एक आर्थिक तत्त्व आहे, आणि ते वरवर अगदी रास्त वाटते. १९५६ मध्ये ‘हायवे ट्रस्ट फंड’ नावाचा स्वतंत्र निधी काढला गेला. पेट्रोलवर कर बसवायचा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करायचा. जो गाडी चालवतो तो रस्त्याचे पैसे भरतो, यात अन्याय काय?

पहिला प्रश्न असा की, गाडी नसलेल्याने कुठे जायचे? त्या निधीत सार्वजनिक वाहतुकीसाठी पहिली सव्वीस वर्षे वेगळे खातेच नव्हते. १९८२ मध्ये पेट्रोलवरचा कर पाच सेंटने वाढवताना त्यातला एक सेंट बस आणि रेल्वेसाठी बाजूला काढला गेला. तिथूनच नव्या पैशात ‘ऐंशी-वीस’ची वाटणी रूढ झाली, आणि चाळीसहून अधिक वर्षे ती जवळजवळ तशीच आहे. त्यानंतर देश बदलला, शहरे बदलली, हवामानाचे संकट आले, पण हे प्रमाण कोणत्या अभ्यासावर आधारलेले आहे असे विचारले तर उत्तर एकच, तेव्हा तशी तडजोड झाली होती.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार आहे. हा निधी आज खरेच पेट्रोलवर चालतो का? केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलेला आहे. तीस वर्षांत महागाई वाढली, गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या, विजेच्या गाड्या आल्या. कर वाढवण्याचे धाडस कोणत्याही पक्षाने केले नाही. परिणामी २००८ पासून निधीला तूट पडू लागली आणि काँग्रेस सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून ती भरून काढू लागली. अशा रीतीने आजवर सुमारे २७,५०० कोटी डॉलर वळवले गेले आहेत. त्यांतले ११,८०० कोटी एकट्या २०२१ च्या कायद्याने दिले.

सर्वसाधारण तिजोरीत पैसा कोणाचा असतो? सगळ्यांचा. रोज पहाटे बसने इस्पितळात सफाईला जाणाऱ्या बाईचाही. तिच्याकडे गाडी नाही, पण महामार्गाचे बिल ती भरते आहे. तेव्हा ‘ज्याचे पेट्रोल, त्याचा रस्ता’ हे तत्त्व २००८ सालीच संपले. राहिली आहे ती त्याच्या नावावर चालणारी वाटणी.

बस मिळते, ड्रायव्हर मिळत नाही

या कायद्यातली सर्वात नुकसानकारक तरतूद मात्र बातम्यांत फारशी येत नाही. १९९८ च्या कायद्याने दोन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरी भागांना सार्वजनिक वाहतुकीच्या रोजच्या खर्चासाठी मिळणारी केंद्रीय मदत बंद केली. नवी बस घ्यायला पैसे मिळतील, डेपो बांधायला मिळतील. चालकाचा पगार, डिझेल, रात्रीची शेवटची फेरी यांसाठी मिळणार नाहीत. लहान यंत्रणांसाठी आणि गाड्यांच्या देखभालीसाठी काही सवलती आहेत, पण मूळ नियम हाच.

यामागचा विचार असा की, केंद्राने भांडवल द्यावे आणि रोजचा खर्च गावाने सोसावा. कागदावर हे नीट दिसते. पण फीत कापायला नेते बसच्या उद्‌घाटनाला येतात, रात्री साडेदहाच्या फेरीचे उद्‌घाटन कोणी करत नाही. मग शहरे मिळेल तो पैसा घेतात, नवा मार्ग बांधतात आणि जुन्या मार्गावरच्या फेऱ्या कमी करतात.

पुन्हा मॉन्टगोमेरीलाच जाऊ. अलाबामाच्या घटनेत १९५२ ची एक दुरुस्ती आहे. राज्याच्या पेट्रोल कराचा पैसा रस्ते आणि पूल यांच्यावरच खर्च करावा, असे ती सांगते. बससाठी तो वापरता येत नाही. केंद्राची रोजच्या खर्चाची मदतही आटत गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॉन्टगोमेरीने ठरावीक मार्गांवरच्या बसफेऱ्या जवळजवळ बंद केल्या आणि त्याऐवजी फोन करून आगाऊ बोलवायची गाडी सुरू केली. मार्ग पुन्हा सुरू करून घ्यायला नागरिकांना नव्याने संघटित व्हावे लागले. ज्या शहरात बसमधल्या जागेसाठी लोक वर्षभर पायी चालले, त्याच शहरात चाळीस वर्षांनी थांब्यावर उभ्या माणसासाठी बसच नव्हती. कोणाला मागच्या बाकावर बसायला सांगितले गेले नाही. तशी वेळच आली नाही.

करोनाच्या काळात हा नियम थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला. मार्च २०२० च्या मदत कायद्यात सार्वजनिक वाहतुकीला २,५०० कोटी डॉलर मिळाले आणि ते पगारासाठीही वापरता आले. नंतरच्या दोन कायद्यांसह ही मदत सुमारे ७,००० कोटींवर गेली. देशभर बस आणि लोकल चालू राहिल्या. परिचारिका, किराणा दुकानातले कामगार, सफाई कामगार कामावर पोहोचले. म्हणजे केंद्राने रोजचा खर्च दिला तर आभाळ कोसळत नाही, हे सिद्ध झाले. मदत संपली आणि जुनाच नियम परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या वाहतूक संस्थेने ३२ बसमार्ग बंद केले. पुढे कोर्टाने हस्तक्षेप केला, आणि भांडवली कामांसाठी राखून ठेवलेले ३९.४ कोटी डॉलर दोन वर्षांच्या रोजच्या खर्चासाठी वापरायला राज्याने परवानगी दिली. आजची फेरी चालवायची म्हणून उद्याच्या दुरुस्तीचा पैसा मोडायचा, असा तो मार्ग होता. घर चालवणाऱ्या कोणालाही कळेल की हा उपाय नव्हे.

कोर्टाचे अर्धे मिटलेले दार

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात साधे तत्त्व आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्याला वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येणार नाही. वाहतुकीच्या निधीला हीच अट लागते. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या बस प्रवाशांच्या संघटनेने याच तरतुदीवर दावा लावला. बसने फिरणारे बहुतेक प्रवासी गरीब आणि गौरेतर असताना पैसा रेल्वेमार्गांकडे वळवला जातो आणि बसचे भाडे वाढवले जाते, अशी त्यांची तक्रार होती. १९९६ मध्ये तडजोड झाली. संस्थेला दहा वर्षे भाड्यावर लगाम ठेवावा लागला, बसमधली गर्दी कमी करावी लागली, नव्या बस घ्याव्या लागल्या.

हा रस्ता फार दिवस मोकळा राहिला नाही. अलाबामाने वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत ठेवली होती, त्याला मार्था सँडोव्हाल यांनी आव्हान दिले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, हेतू सिद्ध न करता केवळ परिणामातून दिसणाऱ्या भेदभावाविरुद्ध सामान्य नागरिकाला या तरतुदीखाली कोर्टात जाता येणार नाही. तसे करायचे ते सरकारी खात्यांनी. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून खात्यांनाही परिणामावर आधारलेल्या भेदभावाच्या तत्त्वापासून दूर जायला सांगितले. म्हणजे नागरिकाला दार बंद, आणि किल्ली ज्याच्याकडे होती त्यानेही ती खिशात घातली.

आज कोणताही अधिकारी ‘या वस्तीत बस नको’ असे लिहून ठेवत नाही. तो प्रवासीसंख्या, खर्च आणि मार्गाची ‘कार्यक्षमता’ यांचा तक्ता मांडतो. अशा तक्त्यात हेतू सापडत नाही, परिणाम मात्र दिसतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ४,१०० पादचारी मेले. २०२२ मध्ये हा आकडा ७,५०० च्या पुढे गेला. मरणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. सहा पदरी रस्ता, पदपथ नाही आणि बसथांबा पलीकडच्या बाजूला. अशा ठिकाणी भेदभावाचा हेतू सिद्ध करायला साक्षीदार आणायचा कुठून?

चूक कबूल केली, पैसे परत घेतले

२०२१ चा कायदा एकूण सुमारे १.२ लाख कोटी डॉलरचा. त्यात महामार्गांनी तोडलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्याचा कार्यक्रम प्रथमच आला, हे मोठे पाऊल होते. बायडेन यांच्या मूळ प्रस्तावात त्यासाठी २,००० कोटी डॉलर होते. वाटाघाटी होता होता १०० कोटी उरले. २०२२ मध्ये दुसऱ्या कायद्याने आणखी सुमारे ३०० कोटींची भर घातली. जुलै २०२५ च्या कायद्याने त्यातला अजून वाटप न झालेला पैसा काढून घेतला. दहा लाख माणसांना उठवणारा पैसा बारा महिने तेरा काळ मिळत राहतो. त्याची भरपाई करणारा पैसा मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही.

पैसा रोखून धरण्याचा अनुभव आता सगळ्यांनाच येऊ लागला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन भागात आपल्यापैकी अनेकांचे नातलग राहतात. मॅनहॅटनला कामाला जाताना त्यांची लोकल हडसन नदीखालच्या ज्या बोगद्यांतून जाते ते १९१० चे आहेत. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारे पाणी शिरले, ते आजही काँक्रीट आणि केबल खाते आहे. सुमारे १,६०० कोटी डॉलरच्या नव्या बोगद्याचे काम सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना ट्रम्प प्रशासनाने या बोगद्यासह न्यूयॉर्कच्या दोन प्रकल्पांचे १,८०० कोटी डॉलर रोखल्याचे जाहीर केले. आपल्याला वाटते, निधीचे राजकारण गरीब वस्तीपुरते असते. पण मंजूर झालेला पैसा मर्जीने रोखता येतो असे एकदा मान्य झाले की, संगणक अभियंत्याची लोकलही त्याच यादीत येते.

नव्या कायद्यात काय हवे

टीका करणे सोपे असते, म्हणून स्पष्ट सांगतो.

एक, बस चालवण्याचा खर्च हा केंद्राच्या निधीतून मिळण्याजोगा खर्च मानला पाहिजे. दोन लाख लोकवस्तीची अट काढून टाकावी आणि मदत फेऱ्यांच्या संख्येशी जोडावी. जे शहर जास्त तास, जास्त वस्त्यांतून बस चालवते त्याला जास्त मिळावे.

दोन, नव्या रस्त्याआधी जुन्याची दुरुस्ती. रस्त्यांना विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमध्ये वाहत्या रहदारीखाली पूल कोसळून १३ माणसे गेली. खेड्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला रस्ता हवा, रुग्णवाहिकेलाही हवा. पण राज्यांना मिळणारा पैसा पूल सांभाळण्याआधी महामार्ग रुंद करण्यात जातो, तिथे अट असली पाहिजे.

तीन, वाटणीचे प्रमाण आणि पैशाचा स्रोत दोन्ही उघडपणे ठरवा. पेट्रोल कर वाढवायचा, विजेच्या गाड्यांवर शुल्क लावायचे की धावलेल्या मैलांवर आकारणी करायची, यावर मतभेद असतील. ओरेगॉन राज्याने २०१५ पासून मैलांवरच्या आकारणीचा ऐच्छिक प्रयोग चालवला आहे, त्याचा अनुभव हाताशी आहे. पण सर्वसाधारण तिजोरीतून पैसा घ्यायचा आणि वाटताना मात्र पेट्रोलचा हिशेब दाखवायचा, हे थांबले पाहिजे.

चार, निधीच्या अटीत नागरिकाचा दाद मागण्याचा हक्क स्पष्ट लिहा. सँडोव्हाल निकाल हा कायद्याचा अर्थ लावणारा आहे. काँग्रेसने कायद्यात एक वाक्य घातले तर तो बदलता येतो. ज्या वस्तीवरून रस्ता जाणार तिचे म्हणणे ऐकल्याची नोंद नव्हे, तर त्या म्हणण्याला दिलेले लेखी उत्तर बंधनकारक असावे.

‘एवढा पैसा आहे कुठे?’ असे कोणी विचारेल. २००५ च्या कायद्यात अलास्कातल्या जेमतेम पन्नास माणसांच्या एका बेटासाठी पूल बांधायला २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम नेमून दिली होती. रस्ते निधीच्या सभागृह समितीचे अध्यक्ष त्याच राज्याचे खासदार होते. देशभर हसू झाले, पूल बांधला गेला नाही. पण एक धडा मिळाला. खोलीत आपला माणूस बसलेला असेल तर पन्नास माणसांसाठीही पैसा निघतो. प्रश्न खोलीत कोण बसले आहे याचा असतो.

आपल्या थांब्यावर

हे सारे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला काही ओळखीचे वाटले असेल. आपल्याकडेही २००० च्या केंद्रीय कायद्याने पेट्रोल आणि डिझेलवरच्या उपकरातून रस्त्यांसाठी वेगळा निधी केला. रिक्षावाल्याने भरलेल्या प्रत्येक लिटरमागे तो पैसा जमा होतो, एसटीच्या डिझेलमागेही होतो. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्मे झाले. लाखो बायकांच्या पदरात हा हक्क पडला आणि तो मोलाचा आहे. पण ज्या गावात दिवसाला एकच गाडी येते आणि तीही कधी येत नाही, तिथली कॉलेजची मुलगी निम्म्या तिकिटाचे काय करणार? फेरी बंद झाली की आधी मुलीचे शिक्षण थांबते. मुलगा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो.

म्हणून पुढच्या वेळी रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी वाचाल तेव्हा एवढेच शोधा की, त्या पैशातला किती भाग ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी आहे, आणि हे कोणी, कुठल्या बैठकीत ठरवले. ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत, आमदारांच्या जनता दरबारात एसटीच्या फेरीचा प्रश्न लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा. मॉन्टगोमेरीच्या लोकांनी कोर्टात खटला लढवला आणि त्याच वेळी तीनशे गाड्यांच्या पेट्रोलचा हिशेबही ठेवला. पहिल्या कामाने इतिहास घडला. दुसरे काम ढिले पडताच त्यांची बस गेली.